उभ्या मोटारीचे भाडे कोण भरतो?

छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात आणि कचेऱ्यांमागून मोटारी येतात. धावत्या मोटारीची धास्ती सर्वांनाच वाटते. उभ्या मोटारीचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. वस्तुतः खासगी मोटार दिवसाचा बहुतेक काळ उभीच असते.

तिला जागा तरी किती लागते? नगररचनेच्या हिशेबात उघड्या वाहनतळावर एका मोटारीस, ये-जा करण्याच्या वाटेसह, सुमारे २३ चौरस मीटर जागा धरतात. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. म्हणजे ज्या जागेत एका कुटुंबाचा संसार मांडावयाचा, जवळजवळ तेवढीच जागा एक मोटार मागते. आणि रस्त्यावर ती बहुधा फुकट मिळते!

परंतु फुकट जागेचेही मोल कोणीतरी देतोच. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई मागे रेटली जाते, शाळेची मुले भररस्त्यातून चालतात, बस खोळंबते. अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सविस्तर मांडले. प्रत्येक इमारतीस वाहनतळाची सक्ती केली की तो खर्च घरभाड्यात व मालाच्या किमतीत शिरतो आणि ज्याच्यापाशी मोटार नाही, त्यालाही तो भरावा लागतो. शिवाय जागा फुकट मिळते म्हणून माणूस चार पावलांच्या कामासही मोटार काढतो.

यावर उपाय नाही असे नाही. गाडी ठेवण्यास स्वतःची जागा दाखविल्यावाचून मोटारीची नोंद करू नये, असा कायदा जपानने १९६२ सालीच केला. आपल्या देशाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मोलास अनुसरून असावे, असे सांगितले. पुणे महानगरपालिकेने २०१८ साली असे धोरण मंजूर केले. पण विरोधामुळे ते मागे पडले. फुकटाची सवय एकदा जडली की सुटणे किती कठीण, हे त्यावरून दिसते.

पांढुर्ण्यास व सौंसरला ती सवय पुरती जडण्यापूर्वीच सावध होता येईल. दोन्ही गावांना रेल्वे आहे. स्थानकापाशी सायकलींना जागा, बाजारात चालणाऱ्यांना मोकळी वाट, रुग्ण व अपंग यांना सवलत, आणि मग उरलेली जागा मोटारीला, तीही मोल घेऊन, असा क्रम ठेवावा. सामाईक अंगणात एकट्यानेच खाट टाकून वाट अडवू नये, एवढा शेजारधर्म आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतोच.