उघाडी आणि सात आश्चर्ये

पाहुणा घरी आला, की शहरातल्या गृहस्थापुढे एक जुनाच पेच उभा राहतो: याला दाखवायचे काय? पुणेकरांची त्या बाबतीत चैन असते. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, की दिवस सरला! आम्हा नव्या मुंबईकरांचे तसे नाही. आमच्या शहराचे वयच मुळी पन्नास-पंचावन्न. त्यात गेल्या दिवाळीत भाऊबीजेसाठी आमची ताई जुईनगरला सहकुटुंब आली, ती आपल्या थोरल्यालाही घेऊन आली. हा आमचा भाचा नोकरीनिमित्त काही वर्षे कोरियात, सोल शहरी राहून आलेला. जग पाहिलेल्या माणसाला आता काय दाखवावे?

पाडव्याच्या दुपारी आमची वरात नेरूळच्या वंडर्स पार्कात गेली. जगातली आश्चर्ये महापालिकेने तिथे एकाच आवारात आणून बसविली आहेत. ताजमहालाहून निघावे आणि चणे संपायच्या आत रोमच्या कलोसियमला पोचावे! मुले खूष होतात, थकल्याभागल्या माणसाला हिरवळ मिळते. तक्रारीला जागा नाही. पण भाचा हसून म्हणाला, "मामा, ही तर सगळी दुसऱ्यांची. तुमचं स्वतःचं असं काय?"

मी थोडा वरमलो आणि मंडळींना पामबीच रस्त्यालगतच्या मोठ्या तलावावर घेऊन गेलो. 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' असे भारदस्त नाव दिलेले हे उद्यान. मावळतीला तलावाकाठी फेऱ्या घालणाऱ्यांची ही गर्दी! पण यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की हा तलाव शोभेसाठी झालेला नाही? आमचे शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसले. भरती चढलेली असताना मुसळधार पाऊस आला, तर पाणी जाणार कुठे? म्हणून असे तलाव राखले. भरतीच्या वेळी दारे पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि शहराचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली, की दारे उघडून ते खाडीत जाते. ही हॉलंडची पद्धत, असे मी वर्गात सांगावे तसे सांगितले.

भाच्याला त्याच्या सोलमधला ओढा आठवला. चोंग्येचोन त्याचे नाव. 1958 पासून हा गलिच्छ ओढा शहराने झाकीत नेला आणि त्याच्या डोक्यावर उन्नत रस्ता उभारला. 2003 साली तोच रस्ता पाडायला घेतला आणि 2005 च्या ऑक्टोबरात जवळजवळ सहा किलोमीटर ओढा पुन्हा उघड्यावर आला. आज लोक तिथे पाण्यात पाय सोडून बसतात. मात्र ते पाणी मुख्यतः हान नदीतून पंपांनी आणून सोडावे लागते. आणि तिथल्या फेरीवाल्यांना उठवून जवळच्या एका जुन्या क्रीडांगणावर बसविले. पुढे ते क्रीडांगणही नव्या भव्य इमारतीसाठी पाडले गेले, तेव्हा त्यांना पुन्हा उठावे लागले. छायाचित्रांत हे येत नाही, असे तो म्हणाला.

परतताना शिरवण्यात थांबलो. आमच्याकडे मासळी आणणाऱ्या मावशींचे घर तिथले. फराळाला या म्हणून त्यांचा आग्रह होता. एका अंगाला जुईनगरचे स्टेशन, दुसऱ्या अंगाला महामार्ग आणि त्यापलीकडे कारखाने, अशा बेचक्यात हे गाव आहे. मावशींचे सासरे ओट्यावर बसले होते. मी पुन्हा हॉलंडचे पुराण लावले, तर ते गालातल्या गालात हसले. "हॉलंड कशाला? ती तर आमची उघाडी!"

मी चाळीस उलटलेला मराठीचा प्राध्यापक, आणि हा शब्द माझ्या गावीही नव्हता! खाऱ्या पाण्याला बांध घालून आगरी शेतकरी खाजणात भात पिकवी. बांधात एक दार ठेवलेले असे: भरतीला बंद, ओहोटीला उघडे. तीच उघाडी. पुढे 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. पंच्याण्णव गावांच्या शिवारांवर आखणी झाली. शेते गेली, बांध गेले, आणि उघाडी तेवढी परदेशी पाहुणीसारखी परत आली!

या देवघेवीची किंमत लहान नव्हती. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मारले गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण त्यानंतरचे. पण गावठाणांच्या भोवती शहराने सेक्टर आखले आणि आतली कुटुंबे वाढत गेली; घरावर घर चढले, गल्ल्या चिंचोळ्या झाल्या. सरकारदरबारी त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. ती नियमित करण्याच्या घोषणा अनेकदा झाल्या. समूह विकास करून सारे नव्याने बांधावे, असेही सुचविले जाते. सासरेबुवांना मी त्याविषयी विचारले. गल्ली रुंद व्हायला त्यांची ना नाही, बंब आत यायला हवा हे त्यांनाही पटते. पण आधी घर आपल्या नावावर व्हावे, मग कुदळ लावावी, एवढेच त्यांचे म्हणणे. मला ते रास्त वाटले. बागांच्या नकाशात ज्यांचे बांध पुसले गेले, त्यांना दुसऱ्यांदा पुसणे शहराला शोभणार नाही.

तलावांचेही सगळे आलबेल नाही. गाळ साचला, तिवरे माजली. आणि तिवरे हा खाडीचा आधार, म्हणून त्यांना हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. तेही योग्यच. मात्र सासरेबुवांचा हिशेब सरळ होता: गाळ दरसाल काढला, तर तिवर रुजणारच कुठे?

भाच्याला आता उघाडी चालू असताना पाहायची होती. मी घड्याळाकडे पाहिले. म्हाताऱ्याने बोटे मोजली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. "उद्या बीज. म्हणजे दीडला भरती. सकाळी साडेसातला या, पाणी उतरलेलं असेल."

दुसऱ्या दिवशी ताईने आम्हां दोघांना ओवाळण्यासाठी साडेनऊपर्यंत ताट घेऊन वाट पाहिली.