मागच्याला दिसणारा दिवा: ब्रेक लाइटचा दोष कसा शोधायचा



मागच्या व्याख्यानात आपण अनुमान आणि हेतू यांची चर्चा केली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे, हे उदाहरण आपल्याकडे शेकडो वर्षं शिकवलं जातं. आज तीच चर्चा पुढे न्यायची आहे, पण डोंगराऐवजी व्हॅनच्या मागे जाऊन. विषय साधा आहे: ब्रेक दाबला आणि मागचा लाल दिवा लागला नाही, तर दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं?

तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात का पडावं, असं कुणी विचारेल. आमचं उत्तर असं, की दोष शोधणं ही विचार करण्याचीच रीत आहे. आणि या दिव्याच्या बाबतीत विचार चुकला, तर त्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याला मोजावी लागते.

गाडीचे इतर दिवे बघा. हेडलाइट गेला तर चालकाला रस्ता दिसत नाही. इंडिकेटर बिघडला तर त्याची टिकटिक बदलते. ब्रेक लाइट मात्र चालकाला स्वतःला कधीच दिसत नाही. तो मागच्याशी बोलणारा दिवा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारं वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येतं. लाल दिवा दिसला तर मागचा माणूस पाय लगेच ब्रेककडे नेतो. दिवा नसेल, तर समोरची गाडी जवळ येते आहे हे त्याला अंतरावरून ताडावं लागतं, आणि त्यात सेकंद जातो. आपल्या लोणखेडा-शहादा भागात उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, तोरणमाळच्या किंवा चांदसैलीच्या घाटात उतारावर वारंवार ब्रेक लागतो, सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत गाडीला गाडी लागलेली असते. तिथं हा सेकंद फार मोलाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ब्रेक दाबताच मागे लाल दिवा लागला पाहिजे असं सांगितलं आहे, ते याचसाठी.

वीज जाते कुठून, येते कुठून

आधी मार्ग समजून घेऊ. आपल्याकडची ओळखीची व्हॅन म्हणजे १९८४ साली आलेली मारुती व्हॅन. पुढे तिलाच ओम्नी म्हणू लागले, आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ती घ्या, ईको घ्या किंवा दुसरी कुठली घ्या, ढाचा साधारण एकच.

बॅटरीतून वीज फ्यूजला येते. फ्यूजमधून ब्रेक पेडलपाशी असलेल्या स्विचला. पेडल दाबलं की स्विच जोडला जातो आणि वीज एका वायरीनं गाडीच्या मागे जाते. तिथं त्या वायरीला डावा आणि उजवा असे दोन फाटे फुटतात. प्रत्येक फाटा होल्डरमधून बल्बला पोचतो. बल्बमधून बाहेर पडलेली वीज अर्थच्या वायरीनं गाडीच्या पत्र्यात येते, आणि पत्र्यातून परत बॅटरीकडे.

हा शेवटचा, परतीचा रस्ता लोक विसरतात. वीज म्हणजे टाकीतून नळाला येणारं पाणी नव्हे, की आलं आणि सांडलं. ती परत गेली तरच वाहते. त्यामुळे मागच्या दिव्यांच्या तक्रारींत अर्थचा दोष नेहमी आढळतो. पावसाचं पाणी, चिखल, गंजलेला स्क्रू, रंगावरच आवळलेला नट, एवढं पुरतं.

पहिला प्रश्न: एक की दोन्ही?

हातात पाना घेण्याआधी हा प्रश्न विचारायचा. एकच दिवा लागत नसेल, तर दुसरा दिवा आपल्याला बरंच काही सांगतो आहे. फ्यूज ठीक, स्विच ठीक, मागे येणारी मुख्य वायर ठीक. दोष त्या एका फाट्यातच आहे: बल्ब, होल्डर, त्या बाजूची वायर किंवा अर्थ. अशा वेळी पेडलखाली डोकं घालून स्विच उघडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोन्ही दिवे लागत नसतील, तर जे दोघांना सामाईक आहे तिकडे संशय जातो. फ्यूज, स्विच, मुख्य वायर. पण इथं एक खाच आहे. ‘दोन्ही दिवे एकदम गेले’ आणि ‘दोन्ही गेलेले आपल्याला एकदम दिसले’ ही दोन वेगळी विधानं आहेत. डावा बल्ब चार महिन्यांपूर्वी उडालेला असू शकतो. चालकाला तो दिसत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. काल उजवा उडाला आणि मागच्या कुणीतरी सांगितलं. आपल्याला कळण्याची वेळ ही घटना घडण्याची वेळ नसते. म्हणून दोन्ही दिवे बंद असले, तरी बल्ब आधी काढून पाहायचे. त्याला दोन मिनिटं लागतात.

बल्बची अदलाबदल

बल्ब काचेतून बघून चांगला दिसतो, पण खात्री नाही. मग काय करायचं? डाव्या बाजूचा बल्ब उजवीकडे घालायचा आणि उजवीकडचा डावीकडे. दोष बल्बबरोबर सरकला, तर बल्ब वाईट. दोष जागच्या जागी राहिला, तर बल्ब निर्दोष, जागा वाईट.

यालाच आपल्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असेल तेव्हा दुसरं असतं, एक नसेल तेव्हा दुसरंही नसतं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या रीती मांडल्या, त्यांतही हेच सूत्र आहे. आपला गॅरेजवाला मिल वाचत नाही, पण रोज वापरतो.

एक सावधगिरी. बऱ्याच गाड्यांत मागचा बल्ब दोन तारांचा असतो, टेल लाइटसाठी ५ वॅटची आणि ब्रेकसाठी २१ वॅटची. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. जोर लावून बसवला, तर ब्रेक मंद आणि टेल प्रखर, असा उलटा कारभार सुरू होतो.

अर्ध्यावर तपासा

बल्ब चांगले निघाले, तरी दोन्ही दिवे लागत नाहीत. आता बॅटरीपासून ओळीनं एकेक जागा तपासत जायचं का? नाही. मधोमध तपासायचं. मध म्हणजे ब्रेकचा स्विच.

स्विचला दोन वायरी असतात. टेस्ट लॅम्पची क्लिप पत्र्याला लावा आणि टोक स्विचच्या येणाऱ्या वायरीला. काही गाड्यांत यासाठी चावी लावावी लागते, ते आधी पाहून घ्या. तिथं वीज नसेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, फ्यूजच्या बाजूला. वीज असेल तर पेडल दाबून जाणाऱ्या वायरीवर बघा. आली नाही, तर स्विच वाईट. आली, तर पुढचा सगळा अर्धा भाग निर्दोष ठरला, आता फक्त मागे जायचं. संशयाच्या आठ जागा असतील, तर दर वेळी निम्म्या वगळत तीन तपासण्यांत आपण एका जागेवर येतो.

मीटरचं ‘बारा’ आणि खरं ‘बारा’

आता अनुभवी माणसालाही गोंधळात टाकणारी गोष्ट. होल्डरमधून बल्ब काढला, मल्टिमीटर लावला, ब्रेक दाबला. मीटर म्हणतो १२ व्होल्ट. बल्ब घातला, तर दिवा लागत नाही. मग माणूस म्हणतो, वीज आहे, बल्बही चांगला आहे, हा भुताटकीचा प्रकार!

भूत नाही. २१ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर लागतात. मीटर मात्र जवळजवळ काहीच घेत नाही, अँपिअरचा लाखावा हिस्साही नाही. समजा वायर आतून कुजली आहे आणि तिचा एकच धागा शिल्लक आहे. मीटरपुरती वीज त्या धाग्यातून आरामात जाते. बल्ब जोडला, की खरा भार येतो आणि तिथं सगळा दाब खर्च होतो. गंजलेल्या जोडाचा रोध ७ ओहम झाला, म्हणजे पेटलेल्या बल्बइतका झाला, तर बल्बला निम्मा दाबसुद्धा नीट मिळत नाही.

म्हणून नियम असा: तपासणी भाराखाली करायची. बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबलेला असताना. म्हणूनच अशा कामात बल्बवाला साधा टेस्ट लॅम्प कित्येकदा महाग मीटरपेक्षा खरं बोलतो, कारण तो स्वतः थोडा भार मागतो.

अर्थ तपासायचा तर आणखी सोपं. एक वायर घ्या, एक टोक खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याला आणि दुसरं होल्डरच्या अर्थला लावा. दिवा लगेच लख्ख झाला, तर निदान झालं. दुसरी खूणही ध्यानात ठेवा. ब्रेक दाबल्यावर टेल लाइट मंद पेटत असतील किंवा इंडिकेटर भलतंच वागत असेल, तर बहुधा अर्थ गेलेला आहे. नेहमीचा परतीचा रस्ता बंद झाला, की वीज शेजारच्या दिव्यांच्या तारांतून वाट काढते. लक्षण तिथं दिसतं, दोष इथं असतो.

कायम लागलेला दिवा काय सांगतो?

कधी उलटी तक्रार येते. ब्रेक सोडला तरी दिवा विझत नाही. पुष्कळ गाड्यांत पेडल वर असताना स्विचची कळ दाबलेली राहते आणि दिवा बंद असतो. पेडलवर कळ टेकते तिथं रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी टोपी असते. ती तुटून पडली की कळ भोकातून बाहेर येते आणि दिवा कायम लागतो. खाली पायपुसण्यावर तुकडे सापडतात. दुरुस्ती स्वस्तात होते. दुर्लक्ष केलं तर दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर खातात, आणि ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी दहा तासांत झोपते.

बॅटरीपेक्षा मोठी हानी दुसरी आहे. न्यायशास्त्रात सव्यभिचार नावाचा हेत्वाभास सांगितला आहे. जे चिन्ह गोष्ट असताना दिसतं आणि नसतानाही दिसतं, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. धूर पाण्याच्या डोहावरही निघू लागला, तर धुरावरून अग्नी कसा ओळखणार? सतत लागलेला ब्रेक लाइट मागच्याला नेमकं हेच करतो. तो प्रकाश देतो, पण माहिती देत नाही.

फ्यूजच्या जागी वायर

आता सगळ्यांत गंभीर मुद्दा. फ्यूज उडाला, नवा घातला, तोही उडाला. मग चॉकलेटच्या चांदीचा कागद गुंडाळला किंवा जाड वायर घालून ‘डायरेक्ट’ केलं. दिवा लागतो, गाडी निघते. पण फ्यूज हा दोष नव्हता, तो दोषाचा साक्षीदार होता. साक्षीदाराचं तोंड बंद केल्यानं गुन्हा मिटत नाही. पत्र्याला घासून सोललेली वायर तशीच राहते, आणि आता फ्यूजऐवजी ती स्वतः तापते. त्यात गॅस किट बसवलेली व्हॅन असेल आणि आत शाळेची मुलं असतील, तर पुढचं बोलायला नको.

योग्य रीत अशी. फ्यूज घालताक्षणी उडतो, की ब्रेक दाबल्यावर? घालताच उडाला, तर शॉर्ट स्विचच्या आधी. दाबल्यावर उडाला, तर स्विचनंतर. मग मागचे दोन्ही बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटेल, पण वायर जळू देणार नाही. आता वायरिंग हलवत, जोड एकेक करून सोडवत मागे जा. ज्या क्षणी तो विझतो, तिथं दोष. जिथं वायर पत्र्याच्या भोकातून जाते, किंवा मागच्या दारावर तिसरा ब्रेक लाइट असेल तर बिजागरीपाशी, तिथं आधी बघा. वायर कापायची किंवा जोडायची वेळ आली, की बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढूनच.

एक प्रश्न

प्रश्न आला आहे: एलईडी बल्ब घातला तर ही कटकट मिटेल का?

एलईडीचा एक फायदा खरा आहे. तारेचा बल्ब तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग घेतो, एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागतो. ताशी ६० च्या वेगात हा फरक तीनेक मीटरांचा होतो. पण एलईडी फार कमी वीज घेतो, म्हणून कुजलेल्या वायरीवर आणि गंजलेल्या अर्थवरही तो लागतो. दोष झाकला जातो, जात नाही. शिवाय तारेच्या बल्बसाठी घडवलेल्या काचेत स्वस्त एलईडीचा प्रकाश मागे नीट पसरेलच असं नाही. आधी वायरिंग दुरुस्त करा, मग बल्बचा विचार करा.

शेवटी एक सवय सांगून थांबतो. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, गाडी मागच्या बाजूनं भिंतीजवळ उभी करा. हँडब्रेक लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. भिंतीवर दोन लाल डाग दिसले पाहिजेत, दोन्ही सारखे, आणि पाय उचलताच दोन्ही गेले पाहिजेत. भिंत नसेल तर घरातल्या कुणाला मागे उभं करा. जे आपल्याला दिसत नाही, ते दुसऱ्याला विचारायचं असतं.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून ‘साक्षी-पुरावा’ या विषयाकडे जाऊ.