उच्चारांची नोंद व तिचें वेषांतर

मनुष्याचें बोलणें संगणकांत साठविलें, म्हणजे तेथें आवाज असा कांहीं उरत नाहीं; उरते ती आंकड्यांची लांबच लांब रांग. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास हजारों वेळां मोजावयाची व आलेले आंकडे ओळीनें मांडावयाचे, एवढाच तो व्यवहार. परंतु सेकंदाला मोजमापें किती, एका आंकड्यास बाइट किती, हें त्या रांगेकडे पाहून कळत नाहीं. म्हणून फायलीच्या आरंभीं एक टिपण जोडतात. त्यास 'हेडर' म्हणतात. फाइल एका पद्धतींतून दुसरींत न्यावयाची, तर सारी मदार हें टिपण नीट वाचण्यावर असते.

अमेरिकन इंग्रजीच्या उच्चारांचा 'टिमिट' हा प्रसिद्ध संग्रह उदाहरणादाखल घ्यावा. १९९३ सालीं तो लिंग्विस्टिक डेटा कन्सॉर्शियम या संस्थेनें उपलब्ध केला. ६३० स्त्रीपुरुषांनीं प्रत्येकीं १० वाक्यें म्हटलीं. सेकंदास १६,००० मोजमापें ठेविलीं. आणि प्रत्येक उच्चार कितव्या आंकड्यावर सुरू होतो व कितव्यावर संपतो, हें नोंदलें. या खुणा हेंच संग्रहाचें खरें वैभव. फायलींच्या नांवांस 'वेव्ह'चें शेपूट आहे खरें. पण आंतला ऐवज मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनीं १९९१ सालीं प्रचारांत आणलेल्या 'वेव्ह' पद्धतीचा नव्हे. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेच्या 'स्फिअर' पद्धतीचा आहे. नांवावरून कूळ ठरविण्याची संवय येथें महागांत पडते.

स्फिअरचा हेडर १,०२४ बाइटांचा असतो. घाईनें तोच आवाज समजून पुढें ढकलला, तर दोन-दोन बाइटांचे ५१२ निरर्थक आंकडे बोलण्याच्या आधीं येऊन बसतात. कानाला आरंभीं बारीकसें 'खट्' ऐकूं येतें, एवढेंच. सेकंदाच्या ३२ सहस्रांशांचा तो प्रकार. पण तेवढ्यानें सगळ्या खुणा चुकतात. 'ट'च्या क्षणिक स्फोटाच्या खुणेखालीं त्याच्या आधींचा ध्वनि सांपडतो, आणि त्या खुणांवरून शिकणारें यंत्र चुकीचा धडा गिरवितें. याउलट आंकड्यांतील बाइटांचा क्रम उलटा वाचला, तर केवळ खरखर ऐकूं येते. ती चूक बरी. निदान आपण होऊन ओरडून सांगते!

टेलिफोनच्या नोंदींची गोष्ट निराळी. तेथें सेकंदास ८,००० मोजमापें व प्रत्येकास एकच बाइट. लहान आंकड्यांना बारीक पायऱ्या व मोठ्यांना रुंद, अशा युक्तीनें तें भागवितात. अमेरिका व जपान येथें या युक्तीचा 'म्यू-लॉ' हा प्रकार, तर युरोप व भारत येथें 'ए-लॉ'. एकाचें कोष्टक दुसऱ्यास लावलें, कीं आवाज विद्रूप होतो. योग्य कोष्टक लावल्यास तो दुरुस्त होतो. परंतु ८,००० मोजमापांत सेकंदास ४,००० कंपनांवरील ध्वनि मावतच नाहीं. 'विश्व' या अर्थाचा 'जग' आणि 'जिवंत राहा' या अर्थाचा 'जग' हे लेखनांत एकच. भेद काय तो आरंभींच्या घर्षणांत, आणि त्याचा बराच भाग याच उंच कंपनांत असतो. पुढें फाइल १६,००० मोजमापांची केली, तरी तिचा आकार तेवढा दुप्पट होतो. गेलेला सीत्कार परत येत नाहीं.

'टिमिट'ची फाइल साध्या वेव्ह पद्धतींत आणली, कीं तिचा हेडर बहुधा ४४ बाइटांचा होतो. अशी नवी फाइल मुळापेक्षां ९८० बाइटांनीं लहान भरली, तर हिशेब जुळला. ४४ बाइटांनीं मोठी भरली, तर जुनें टिपण आवाजांत मिसळलें असें खुशाल समजावें.