धुक्यावरचं पत्र

अंधाऱ्या खोलीत वरून उतरणारा धुक्याचा पडदा आणि त्यावर सरकत जाणारी अक्षरं. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांचं ‘कव्हरिंग लेटर’ (२०१२) हे मांडणीशिल्प २०१९ मध्ये व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनातल्या भारतीय दालनात होतं.

मजकूर आहे गांधीजींनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेल्या पत्राचा. युद्ध टाळा, ही विनंती. सव्वा महिन्यात युद्ध पेटलं.

पत्रातून आरपार चालत जाता येतं. अंगाला धुकं लागतं, अक्षरं विस्कटतात. न ऐकलेल्या विनंतीसाठी कागदापेक्षा धुकंच योग्य!

अशी संकल्पनात्मक कला पाहताना ‘यात काय सुंदर?’ याआधी विचारा: हेच साहित्य का? माझ्याकडून काय करवून घेतलं जातंय? शेजारची माहितीपाटी जरूर वाचा.