हंडा मोडीत घालण्यापूर्वी

कुंभाराकडून माठ घेताना तुम्ही काय करता? बोटाने टिचकी मारता. खणखणीत वाजला तर घेता, बद्द वाजला तर परत ठेवता. दक्षिणेतला घटमवादकही हेच करतो, फक्त तो एका टिचकीवर थांबत नाही. विक्कू विनायकराम यांनी मातीचा घट जगभर वाजवला; १९७० च्या दशकात ते झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ या वाद्यवृंदात होते. घटाचे तोंड पोटाशी दाबायचे, पुन्हा मोकळे करायचे, की आवाज बदलतो.

हे आठवायचे कारण आमच्या दापोडीतच घडले. गेल्या श्रावणात शेजारी मंगळागौर होती. सूप, लाटणी, करवंट्या सगळे जमले, पण ढोलकी वाजवणारी आयत्या वेळी आली नाही. तेव्हा त्या घरच्या आजींनी तांब्याचा हंडा मागवला. हा त्यांच्या लग्नातला हंडा. तांब्याला भाव चांगला म्हणून सूनबाईंनी तो मोडीत द्यायला दाराशी काढून ठेवलेला. आजींनी तो पालथा घातला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि ठेका धरला. बुडावर तळवा पडला की घुमारा, काठावर अंगठी लागली की बारीक खण्ण. खेळ बायकांचे, म्हणून मी दाराबाहेर उभा राहून ऐकले. तासभर फुगड्या थांबल्या नाहीत.

आपल्याला यात नवल वाटू नये. जोंधळा दाण्यात आला की माळ्यावर चढून रिकामा डबा कोणी बडवला नाही? मात्र एक सांगतो, ठरावीक आवाजाला पाखरे सरावतात. ज्या पोराचा ठेका पक्का, त्याची राखण कच्ची!

त्रिनिदाद बेटावर तर १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने ढोलांवर निर्बंध घातले. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, पुढे बिस्किटांचे डबे घेतले आणि अखेर तेलाच्या रिकाम्या पिंपांचा पत्रा ठोकून त्यातून स्वर काढले. तेच आजचे स्टीलपॅन. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांनी १९७३ च्या ‘यादों की बारात’ मधल्या गाण्यात काचेच्या पेल्यावर चमचा वाजवला, तो अजून कानात आहे.

पोरांना हौस असेल तर चिनी मातीचे वाडगे मांडून द्या. पाणी वाढवले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. पुण्याचे मिलिंद तुळाणकर वाजवतात ते जलतरंग याच तत्त्वावर चालते. पण कीटकनाशकाचा रिकामा डबा किंवा कारखान्यातले रसायनाचे पिंप वाजवायला कधीही देऊ नका. धुतले तरी विष राहते. असे डबे मी गोठ्यात, चुलीजवळ, नको तिथे पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी मोडवाला आला. सूनबाईंनी त्याला दोन जुन्या पराती दिल्या. हंडा आता माळ्यावर नाही, खालीच असतो.