डाव त्यांचा, हिशेब आपला

पूर्वी घरचा माणूस जुगार खेळतो हे बाईला कळायचं. मटक्याची चिठ्ठी खिशात सापडे, अड्ड्यावर धाड पडली की गावभर बभ्रा होई. आता ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या कशेळीसारख्या गावातही गोदामातली पाळी संपवून आलेला माणूस जेवून अंथरुणावर पडतो आणि मोबाईलवर पोकरचा डाव मांडतो. "कुठं जात नाहीत हो, घरातच असतात," असं आपण समाधानानं म्हणतो. माणूस घरात असतो, पगार मात्र घराबाहेर चाललेला असतो!

हा जुगार की कौशल्याचा खेळ, हा वाद जुना आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं अड्डा चालवणारा आणि तिथं खेळणारा, दोघांनाही गुन्हेगार ठरवलं. निव्वळ कौशल्याचे खेळ तेवढे वगळले. रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये म्हटलं. पोकरवाले त्याचाच आधार घेत आले. गुजरात उच्च न्यायालयानं मात्र २०१७ मध्ये पोकरला जुगारच मानलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद. काही कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या. बंदीपेक्षा नियम करा, नाहीतर लोक परदेशी, चोरट्या साइटकडे वळतील, असं बंदीला विरोध करणारे म्हणतात. त्यात तथ्य नाही असं नाही. अशा ठिकाणी पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार?

पण भगिनींनो, या कायद्यातली एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. "बोभाटा झाला नि यांना पोलिसांनी नेलं तर?" या भीतीनं कितीतरी जणी गप्प बसतात. गप्प बसू नका. महिन्याकाठी दोघांनी मिळून बँकेचं पासबुक पाहावं. मोबाईलवरून रोज किती रक्कम जाऊ शकेल, याची मर्यादा कमी करून घ्यावी. झटपट कर्ज देणारं ॲप फोनवर दिसलं, तर त्याच दिवशी विचारावं. फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

आणि हरलेले पैसे परत मिळवायच्या 'शेवटच्या डावा'साठी अंगावरचा दागिना मुळीच काढून देऊ नये.