पाचवे चाक

आमच्या मोटारीच्या डिकीत एक पाचवे चाक आहे, हे मला ठाऊक होते; पण ते मी पाहिले मात्र मोटार घेतल्यावर आठ वर्षांनी! मोटार मी बेधडक चालवीत असे. चाक बदलणे हे मात्र 'पुरुषमाणसांचे काम' म्हणून मी आनंदाने सोडून दिले होते.

गेल्या मार्गशीर्षात सासूबाईंना घेऊन पुण्याहून वाईला निघाले. यजमान परगावी होते. शिरवळ मागे पडले आणि मोटार डावीकडे ओढू लागली. उतरून पाहते तो पुढचे डावे चाक पार बसलेले! दिवस मावळत होता. मदतीसाठी फोन केला, तर माणूस यायला दीड तास लागेल म्हणाले. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, त्यात मधुमेह, आणि जेवणाची वेळ टळत चाललेली. त्या एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. पण हात धरला तो गार आणि घामेजलेला. पर्समधली गोड बिस्किटे त्यांना भरवली. डिकीत चाक होते, पाना होता, जॅक होता. नव्हते ते फक्त माझे ज्ञान!

शेवटी एक ट्रकवाला थांबला. वीस मिनिटांत त्याने चाक बदलले. पैसे घेईना. म्हणाला, "ताई, गाडी चालवता, मग एवढंही शिकून घ्या. दर वेळी भला माणूसच थांबेल असं नाही."

त्या रविवारी मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. तो आधी हसला. मग मन लावून शिकवू लागला. मी घाईने मोटार जॅकवर चढवली आणि नट फिरवायला गेले, तर नटाबरोबर चाकच फिरू लागले! पहिला धडा मिळाला : चाक जमिनीला टेकलेले असतानाच नट थोडे सैल करायचे.

सारी गोम त्या क्रमात आहे. मोटार रहदारीपासून दूर, सपाट व कठीण जागी उभी करावी. माणसे खाली उतरवावी. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा, तिरप्या टोकाच्या चाकाला दगड लावावा आणि मागे लाल त्रिकोण ठेवावा. नट सैल झाले की ठरलेल्या खाचेखालीच जॅक लावावा. अंग मात्र मोटारीखाली कधीही घालू नये. नवे चाक बसवल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावे, म्हणजे चाक तिरपे बसत नाही. शेवटचा पिळा मोटार खाली उतरवल्यावर.

आणि ताकद? यंत्राने आवळलेला नट माझ्या मनगटाला दाद देईना. पाना आडवा लावून त्याच्या टोकावर पाय दिला, शरीराचा भार टाकला आणि नट कुरकुरत सुटला. इतकी वर्षे वजन वाढल्याचे दुःख करीत होते, ते त्या दिवशी संपले!

या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. सुरुवातीच्या मोटारींना असे चाक नसेच. 1904 साली वेल्समधील लानेली गावी टॉमस डेव्हिस याने ते काढले. तेथल्या स्टेपनी स्ट्रीटवरून त्याला नाव पडले, आणि आमच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी ते आजही आहे. मात्र 2020 च्या नियमबदलानंतर काही नव्या मोटारींत स्टेपनीऐवजी पंक्चर बुजवण्याचे सामान असते. तेव्हा दिवाळीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी डिकी उघडून पाहा, आणि स्टेपनी असेल तर तिच्यातली हवाही तपासा. बसलेली स्टेपनी काय कामाची?

यंदा आषाढात कापूरहोळच्या पुढे पुन्हा चाक बसले. पाऊस भुरभुरत होता. सासूबाईंना जवळच्या चहाच्या टपरीत बसवले आणि पदर खोचला. चाळीस मिनिटे लागली. हात काळे झाले, साडीला चिखल लागला. पण फोन कोणालाही केला नाही.

चहाचा कप पुढे करीत सासूबाई म्हणाल्या, "तुला पाहायला आलो तेव्हा मी फक्त पुरणपोळी येते का, एवढंच विचारलं होतं. चुकलंच गं माझं!"